मुंबई विद्यापीठाचे नामवंत पदवीधर: मोजायचं कोणाला?

खडूफळा | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, आमची इमारत पुनर्विकासाला चाललीय, त्यामुळे महिनाभर माळे उपसणं सुरू आहे. परवा पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या स्टोव्हच्या सुट्या भागांखाली एक गुंडाळी सापडली. आजोबांचं बी.ए.चं पदवीपत्र, १९३६ सालचं, मुंबई विद्यापीठाचं. कागद जाड आहे, कडा तपकिरी झाल्यात. इतकी वर्षं गुंडाळून राहिल्यामुळे उलगडायला गेलं की टचकन परत मिटतं. जोर लावायची भीती वाटते म्हणून फक्त वरच्या दोन ओळी वाचल्या आणि सोडून दिलं.

गंमत अशी की आजोबा शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात. पदवीदानाला गेले नाहीत, पदवी टपालाने आली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो १९६७ साली, माझ्या बाबांच्या लग्नाचा बस्ता घ्यायला मुंबईला आले तेव्हा.

लेक विचारते, "म्हणजे पणजोबा आणि आंबेडकर एकाच युनिव्हर्सिटीचे?" म्हटलं हो बाई. आंबेडकरांची बी.ए. १९१२ ची, एल्फिन्स्टन कॉलेजातून. तेव्हापासून ती यादी करत बसलीय आणि मला कामाला लावलंय. सुरुवात सोपी होती. विद्यापीठ १८ जुलै १८५७ चं, म्हणजे उत्तरेत बंड पेटलेलं असतानाचं. बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली १८६२ साली, चार जणांची: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिल्या दोघांना आपण रस्त्यांच्या आणि संस्थांच्या नावांतून ओळखतो, उरलेल्या दोघांना कोणी विचारत नाही.

तर दोन प्रश्न. एक, यादीत कोण कोण हवं? दोन, ही गुंडाळी न फाटता सरळ कशी करायची?


गिरगावकाका | रविवार, रात्री १०:५०

मस्त धागा. माझ्याकडून दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड, फिरोजशहा मेहता, गोखले, टिळक, आगरकर, धोंडो केशव कर्वे. अजून पन्नास नावं देतो, आधी जेवून येतो.


शंकेखोर | रविवार, रात्री ११:०५

काका, जेवायच्या आधी पहिली दोन नावं काढा.

दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले, ते सगळं विद्यापीठ जन्माला यायच्या आधी. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, १८५१ चे. कॉलेज १८४५ चं, विद्यापीठ १८५७ चं. आईपेक्षा लेकरू मोठं, असा प्रकार आहे हा. कॉलेजं आधी होती, विद्यापीठ नंतर त्यांच्या डोक्यावर येऊन बसलं.

फिरोजशहा मात्र पक्के, बी.ए. १८६४.


गिरगावकाका | रविवार, रात्री ११:४०

मान्य. वरणभात खाऊन विचार केला, तुमचं बरोबर आहे. पण मग गांधीजींचं काय? त्यांची मॅट्रिक मुंबई विद्यापीठाचीच ना?


शंकेखोर | रविवार, रात्री ११:५२

मॅट्रिक हो, १८८७ ची. परीक्षा दिली अहमदाबादला, गुण चाळीस टक्क्यांच्या आसपास. नंतर भावनगरच्या सामळदास कॉलेजात एक सत्र काढलं आणि विलायतेला गेले. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा विद्यापीठच घ्यायचं, पण पदवीधर म्हणता येणार नाही.

आणि विनोबा तर त्याहून पलीकडचे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला बडोद्याहून मुंबईला निघाले, सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीचा रस्ता धरला. त्याआधी घरी आईच्या चुलीत दाखले जाळून झालेले होते. विद्यापीठाच्या हातून निसटलेल्यांची वेगळी यादी करा, ती पहिलीपेक्षा भारी होईल.


जुनी_वही | सोमवार, सकाळी ७:३०

सगळी पुरुषांचीच नावं चाललीत, म्हणून मध्ये पडते.

मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. वर्गात येऊ नये म्हणून मुलं त्यांच्या तोंडावर दार लावून घ्यायची. परीक्षेत त्या इतक्या वर आल्या की विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या पदरात पडायला हवी होती. मुलगी म्हणून ती नाकारली. शेवटी इंग्लंडमधल्या काही बायकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा दिली, पण ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. म्हणजे तीस वर्षं परीक्षा पास आणि हातात कागद नाही. आपण ज्याला मागासलेलं म्हणतो त्या मुंबई विद्यापीठाने त्यांना कागद आधी दिला, हे लक्षात घ्या.

दुसरं नाव कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाईंच्या बहीण. १९३३ मध्ये बी.एस्सी.ला विद्यापीठात पहिल्या. वडील आणि काका दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे हिनेही तिथेच जायचं हे घरात ठरलेलंच होतं. संचालक सी. व्ही. रामन. नोबेल मिळालेलं. त्यांनी अर्ज फेटाळला, कारण मुलगी. ही बाई बंगलोरला जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली आणि हटेना. शेवटी घेतलं, पण अटी घालून: पहिलं वर्ष प्रोबेशनवर, रामन यांचं समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही, आणि हिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट वाचून माझी अजून चिडचिड होते.

वर्षभराने रामन यांनी मान्यता दिली आणि पुढे मुलींना प्रवेशही. कमलाबाई केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. प्रबंध चाळीसेक पानांचा! विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय महिलांपैकी एक. नंतर मुंबईत नीरेतल्या पोषक द्रव्यांवर काम केलं, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. ग्राहक चळवळीतही होत्या, भेसळ ओळखण्यावर लिहायच्या. आपल्या आया दुधात पाणी आहे का ते बोटावर थेंब घेऊन बघायच्या, त्या पिढीला हे लेखन उपयोगी पडलं.

कमल रणदिवे यांचं नाव आठवतंय का कोणाला? शिक्षण पुण्यात, पण पीएच.डी. मुंबई विद्यापीठाची, १९४९ ची. कर्करोगावर आयुष्यभर काम केलं. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभी केली, पद्मभूषण १९८२.

गुंडाळीचं: इस्त्री फिरवू नका!!! सविस्तर रात्री लिहिते, कामावर जायचंय.


खडूफळा | सोमवार, सकाळी ८:०२

बापरे, बरं झालं सांगितलंत. नवरा इस्त्री काढून बसला होता.


रिअ‍ॅक्टर | सोमवार, दुपारी १:१५

यूडीसीटीवाल्यांना (विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग) विसरलात. आता ती स्वतंत्र संस्था आहे (२००८ पासून), पण १९३३ मध्ये सुरू झाली ती मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून. माटुंग्याच्या त्या एका आवारातून निघालेले लोक बघा: प्रा. मनमोहन शर्मा, रघुनाथ माशेलकर, केकी घरडा, डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डी, आणि हो, मुकेश अंबानी. अंबानींचं नाव घेतलं की इथे दंगा होतो, म्हणून शेवटी घेतलं.

शर्मा सर केंब्रिजहून पीएच.डी. करून आले आणि १९६४ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक झाले. १९९० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, भारतीय अभियंत्यांत पहिले. त्यांच्या हाताखाली ज्यांनी पीएच.डी. केली त्यांत माशेलकर, १९६९ साली. १९९८ मध्ये तेही फेलो. गुरू आणि चेला दोघंही सोसायटीच्या फेलोंच्या वहीत सही करणारे.

माशेलकरांची गोष्ट बहुतेकांना पाठ असेल, तरी सांगतो. वडील लवकर गेले, आई माशेलहून मुंबईत आली आणि मिळेल ते काम केलं. बारा वर्षांपर्यंत पायात चप्पल नाही. माध्यमिक शाळेत प्रवेशाला एकवीस रुपये हवे होते, ते जमवताना नाकी नऊ आले. मॅट्रिकला बोर्डात अकरावे आले आणि तरीही शिक्षण सोडायच्या बेतात होते. मग टाटांच्या ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या साठ रुपयांवर देशाला काय मिळालं याचा हिशोब करा.

हळदीचं पेटंट तर माहीतच आहे. जखमेवर हळद लावायचं 'संशोधन' म्हणून अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, माशेलकर सीएसआयआरचे (केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे) प्रमुख असताना त्यावर हरकत घेतली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अवांतर: अंजी रेड्डींचे वडील हळदीचे शेतकरी होते. माटुंग्याचं आणि हळदीचं काहीतरी जुळतं.


मांडवीकाठ | सोमवार, दुपारी ३:४०

माशेल आमचं! लिहून ठेवा.

एक गोष्ट मुंबईकरांच्या ध्यानात नसते. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज निघालं, ती दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. गोवा विद्यापीठ आलं १९८५ मध्ये. म्हणजे मधली तेवीस वर्षं पदवी घेतलेला जवळजवळ प्रत्येक गोंयकार कागदोपत्री मुंबईचा. माझी आई १९७१ ची बी.ए. आहे. निकालाचा पेपर मुंबईहून यायचा तो कदंबा बसने (गोव्याची सरकारी बस) नव्हे, तेव्हा कदंबा नव्हतीच, बोटीने किंवा खाजगी गाडीने. आई म्हणते, पास झालेल्यापेक्षा पेपर घेऊन येणाऱ्याला जास्त मान होता.

अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर पण घाला. व्हीजेटीआय या मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मेकॅनिकलची पदवी, १९६३, मुंबई विद्यापीठ. जन्म मध्य प्रदेशातला असला तरी आडनावातलं काकोडे आमचंच.


शंकेखोर | सोमवार, संध्याकाळी ६:२०

काकोडकर ठीक. पण आडनावावरून गावं वाटायला लागलो तर भांडारकर मालवणात जन्मले म्हणून सिंधुदुर्गवाले येतील.

माझी मूळ शंका वेगळी आहे. या यशात विद्यापीठाचा हात किती? मुंबई विद्यापीठ काढलं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि शिक्का मारायचा. पहिली साठेक वर्षं विद्यापीठ स्वतः फारसं शिकवतच नव्हतं. समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला, १९२४ पासून घुर्ये. तिथून पुढे मात्र विद्यापीठाचं स्वतःचं म्हणता येईल असं काम दिसतं: इरावती कर्वे घुर्यांच्या विद्यार्थिनी, एम. एन. श्रीनिवास घुर्यांचे, अ. र. देसाई घुर्यांचे. भारतातलं निम्मं समाजशास्त्र एका माणसाच्या खोलीतून बाहेर पडलं म्हटलं तरी चालेल.

पण टिळक-आगरकरांचं श्रेय विद्यापीठाला? ते दोघं घडले डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात, रात्र रात्र वाद घालून.


गिरगावकाका | सोमवार, रात्री ९:३०

शंकेखोर, शिक्का मारणं इतकं हलकं समजू नका.

रानड्यांचीच गोष्ट घ्या. विद्यार्थी असताना निबंधात मराठ्यांच्या राज्याची बाजू घेऊन इंग्रजी राजवटीवर टीका केली. प्राचार्य ग्रँट यांचं रानड्यांवर प्रेम, पण त्यांनी बोलावून झापलं आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद ठेवली. तरी परीक्षेत पहिला वर्ग कोणी अडवला नाही. कॉलेजातल्या साहेबाची मर्जी आणि विद्यापीठाची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हेच तर त्या शिक्क्याचं मोल.

आंबेडकरांचं बघा. एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घेतली. कॉलेजला सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपये. प्रा. म्युलर पुस्तकं द्यायचे, कपडेसुद्धा द्यायचे. वर्गात कोण कुठे बसतं, पाणी कोण देतं, हे सगळं सोसून १९१२ ला जो कागद हातात आला, त्यावर जातीचा रकाना नव्हता. पुढे कोलंबिया आणि लंडनची दारं त्याच कागदाने उघडली.

अण्णासाहेब कर्व्यांची कथा तर मला तोंडपाठ आहे, आमच्या शाळेत धडा होता. सहावीची सरकारी परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, कुंभार्ली घाटातून, भर पावसात. तिथे साहेब म्हणाले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, जा परत. गेले परत! १८८४ मध्ये गणित घेऊन बी.ए. झाले तेव्हा वय सव्वीस. शिकवण्या करून शिकले. पुढे महिला विद्यापीठ काढलं १९१६ मध्ये आणि १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी भारतरत्न. पां. वा. काणे यांना १९६३ मध्ये. आंबेडकरांना १९९० मध्ये. विल्सन कॉलेजचे मोरारजीभाई १९९१. (मोरारजींच्या नावावर गिरगावात अजून लोक दात खातात, पण यादी ती यादी.)


कोथरूडची_सई | सोमवार, रात्री १०:१५

पुणे विद्यापीठ १९४९ चं. म्हणजे त्याआधीचे सगळे पुणेकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर?

हे पचायला वेळ लागेल.


गिरगावकाका | सोमवार, रात्री १०:१८

पाणी प्या.


खाडीपल्याड | मंगळवार, पहाटे ४:५० (इथे दुपार आहे)

नुसतं पुणं नाही. फाळणीपर्यंत कराचीची कॉलेजं मुंबईकडेच होती. अहमदाबाद, बडोदा, धारवाडही. १९४९ मध्ये पुणे, गुजरात, कर्नाटक, बडोदा अशी चार विद्यापीठं एकाच वर्षात निघाली. आज ज्याला आपण मुंबई विद्यापीठ म्हणतो ते त्या मानाने लहान आहे. 'बॉम्बे'चं 'मुंबई' तर १९९६ मध्ये झालं. इथे अमेरिकेत कागदपत्रं तपासून घेताना माझ्या पदवीवर एक नाव आणि गुणपत्रिकेच्या दुय्यम प्रतीवर दुसरं. ही दोन वेगळी विद्यापीठं नाहीत हे पटवण्यात तीन महिने गेले.

चिंतामणराव देशमुखांबद्दल कोणी लिहिलं नाही. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. पण पदवी केंब्रिजची, त्यामुळे शंकेखोर काढून टाकतील. मला मात्र १९१२ हे साल फार आवडतं. एकाच वर्षी आंबेडकर बी.ए. आणि देशमुख मॅट्रिक. एकाने १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, दुसरा १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. दोघांनीही नेहरूंच्या मंत्रिमंडळातून राजीनामा दिला: आंबेडकरांनी १९५१ मध्ये, देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर. राजाबाई टॉवरपासून रिझर्व्ह बँक चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे.


शंकेखोर | मंगळवार, सकाळी ९:१०

देशमुख नियमाने बाहेर. पण प्रतिसाद छापून ठेवावा असा आहे.

एक भर. विद्यापीठाचा पहिला भारतीय कुलगुरू का. त्र्यं. तेलंग, १८९२. त्यांच्या मागोमाग भांडारकर, १८९३ ते ९५. म्हणजे १८६२ ला ज्याची परीक्षा घेतली तो तीस वर्षांत खुर्चीवर. नंतर काणे आणि गजेंद्रगडकरही कुलगुरू झाले. गजेंद्रगडकर तर सरन्यायाधीशपदावरून उतरून आले होते.


जुनी_वही | मंगळवार, रात्री ९:४५

उशीर झाला, माफ करा. ग्रंथालयात जुनी कागदपत्रं हाताळते, त्यावरून सांगते.

आधी शाई बघा. पदवीपत्राच्या कोपऱ्यात, जिथे नाव किंवा सही नाही अशा ठिकाणी हाताने लिहिलेला एखादा ठिपका असेल तर ओल्या कापसाचं टोक हलकेच टेकवा. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. नाही लागला तर एक मोठा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला ओलं करून पिळलेलं फडकं, त्यावर जाळीचं ताट उपडं, ताटावर गुंडाळी. कागदाला पाणी लागता कामा नये, फक्त दमट हवा लागली पाहिजे. झाकण लावून ठेवा, दर तासाने बघा. चार-पाच तासांत कागद मऊ पडेल. मग टीपकागदांच्या मध्ये ठेवून वर सपाट फळी आणि जाडजूड पुस्तकं. टीपकागद दुसऱ्या दिवशी बदला. लॅमिनेशन अजिबात नको. चिकटपट्टी तर नावच काढू नका.


रिअ‍ॅक्टर | मंगळवार, रात्री ९:५८

सगळ्यांच्या गोष्टीत पैसे येतातच, लक्षात आलं का? पंचवीस रुपये, एकवीस, साठ, बंद केलेली शिष्यवृत्ती, नाकारलेली शिष्यवृत्ती. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयाला दोन लाख आणि टॉवरला दोन लाख दिले, ते आईचं नाव घेऊन कायम दिसतात. पंचवीसवाल्यांना टॉवर नाही.


खडूफळा | शनिवार, संध्याकाळी ५:३०

झालं! डब्याची युक्ती केली. पाच नाही, सात तास लागले. वर दाते-कर्वे शब्दकोशाचे खंड ठेवले होते, कधी नव्हे ते कामाला आले. कागद आता सपाट आहे, फक्त उजव्या कडेला एक चीर. शाईला काही झालं नाही.

लेकीने यादी केली. एकशे बारा नावं झाली, शंकेखोरांच्या नियमाने एकोणऐंशी उरली. ऐंशीवं नाव पणजोबांचं घातलंय, त्यावर हरकत चालणार नाही असं तिने मला इथे लिहायला सांगितलंय.

आणि कागद उलटा केला तर मागे पेन्सिलीने, आजोबांच्याच अक्षरात, बारीक हिशोब निघाला. परीक्षा फी, पुस्तकं, खोलीभाडं, टपाल. खाली पाच जणांच्या नावापुढे रकमा. चार नावांवर रेघ मारलीय. पाचवं नाव आजीच्या माहेरचं आहे, ते तसंच आहे.

बाबांना दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले, "फ्रेम करताना मागे पुठ्ठा नको, काच लाव."

मागे काच लावून फ्रेम करणारं दादर-माहीम भागात कोणी माहीत आहे का?


गिरगावकाका | शनिवार, संध्याकाळी ५:४१

ठाकूरद्वारला आहे एक. व्यनि (खाजगी निरोप) करतो.